नवरीचा निळा हात

एका गावात एक कासार होता. आसपासच्या चार गावांतल्या बायका त्याला मामा म्हणत. बांगडी कितीही लहान असो आणि हात कितीही राठ, मामा पंजा दाबून, अंगठा मुडपून ती अशी सरकवत, की गप्पा संपायच्या आत डझन भरून होई आणि एक ओरखडा उठत नसे.

एकदा तो वैद्यबुवांच्या सुनेला बांगड्या भरायला गेला. दिवस अगदी साधा होता. अंगणात वाल सोलणं चाललं होतं, मांजर उन्हात पसरलं होतं. वैद्यबुवांनी पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या अंगाने पुढे केला. कासाराने तो घेतला नाही. त्यांनी तांब्या थोडा हलवला. कासार आपला सुनेशी बोलतच राहिला.

सून आत गेल्यावर वैद्यबुवांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"बाजूचं दिसेनासं झालं त्याला."

"छे हो, कामात लक्ष होतं."

"येताना मांजराच्या शेपटीवर पाय दिलात, तेव्हाही कामातच होतात?"

वैद्यबुवांनी त्याला उजेडात बसवून डोळे नीट तपासले. मग ते म्हणाले, "गेलेली नजर मला परत आणता येणार नाही. उरलेलीही हळूहळू जाईल. हे औषध रोज घाला, म्हणजे थोडी जास्त टिकेल. नदीपलीकडे एक बुरूडीण आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. सुपं विणते, बाजाराला एकटी जाते. तिच्याकडे शिका, मी निरोप धाडतो. आणि आज घरी सांगा."

"सांगतो," कासार म्हणाला. पण त्याने सांगितलं नाही.

बांगडी काचेची. डोळे अधू झालेल्या माणसाच्या हातात आपल्या लेकीचं मनगट कोण देईल, हे त्याच्या मनातून जाईना. औषधाची कुपी त्याने कणगीमागे लपवली, कारण रोज डोळ्यांत औषध घातलं तर कासारीण विचारणार. बांगड्यांच्या माळा भिंतीवरच्या खुंट्यांना असत. पहिल्या खुंटीला हिरव्या, दुसरीला लाल, तिसरीला निळ्या. गडद रंग आता त्याला सारखेच दिसत, म्हणून तो खुंट्या मोजून माळा काढू लागला. असे तीन महिने गेले.

मग पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी कासारणीने घर झाडलं, माळा उतरवून पुसल्या आणि परत टांगल्या. टांगताना एका हिरव्या आणि एका निळ्या माळेची अदलाबदल झाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. रंग तर दिसतातच.

पाटलांच्या माजघरात बायकांचा गलका चालला होता. त्या गोंधळात कासाराने पहिल्या खुंटीवरून आणलेल्या माळांनी नवरीचा उजवा हात भरला, डावा भरला. शेवटची बांगडी चढली आणि नवरीची आत्या ओरडली, "अगं बाई! मामा, हा हात निळा कसा?"

त्या गावात एक रीत होती. नवरीच्या हातात चढलेली बांगडी लग्न लागेपर्यंत उतरवायची नाही. म्हणजे मुलगी एक हात हिरवा आणि एक हात निळा अशी बोहल्यावर उभी राहणार.

कासाराला खरं सांगता आलं असतं. त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट केलं. "हिने माळा उलट्यासुलट्या टांगल्या. मी तरी काय करू?"

"कासाराच्या घरात राहून रंग कळेना होय हिला?" आत्या म्हणाली. आणखी दोघी-तिघींनी तोंडसुख घेतलं. कासारीण मान खाली घालून बसली.

घराची वाट तिने पुढे राहून कापली. ओढ्याशी आल्यावर ती थांबली. "चारचौघींत मी गप्प बसले. आता तुम्ही बोला. माळ तुमच्याच हातात होती, मग रंग दिसला कसा नाही?"

कासार तिथेच दगडावर बसला. त्याने सगळं सांगितलं. तांब्या, कुपी, खुंट्या, सगळं.

कासारीण त्याच्याजवळ दगडावर टेकली. मग म्हणाली, "तीन महिने मी ताट पुढे करते नि तुम्ही हात लावत नाही. समोरून गेले तरी बघत नाही. मला वाटलं, माझ्यावरचं मन उडालं. रोज रडत होते मी चुलीपाशी. आणि हे एवढंच होतं?"

"एवढंच?"

"डोळेच गेलेत ना? माणूस तर आहे जागेवर! उठा. त्या आत्याबाईंना उद्या मात्र तुम्हीच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. वरात निघण्याआधी कासार माजघरात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझ्या बायकोची नव्हती. माझी नजर चाललीय. लाज वाटली म्हणून मी तिच्यावर ढकललं."

आत्या मनातल्या मनात फुटलेल्या बांगड्या आणि रक्त बघत होती. नवरीने मात्र डावा हात पुढे केला. "मामा, निळ्या उतरवा आणि हिरव्या भरा. काल भरताना तरी कुठे लागलं होतं मला?"

कासारणीने हिरवी माळ निवडून त्याच्या हातात दिली. त्याने नवरीचा पंजा दाबला, अंगठा मुडपला, आणि एकही बांगडी पिचली नाही. आत्या म्हणाली, "मामा, माझाही हात भरायचा राहिलाय हो," आणि बायका हसल्या.

त्यानंतर तो नदीपलीकडे गेला. त्याच्या झोळीतल्या बांगड्यांची किणकिण ऐकून बुरूडीण सूप विणता विणता म्हणाली, "आलात, कासारदादा? निरोप येऊन तीन महिने झाले. मला वाटलं, वाटेतच नदीत पडलात की काय!"

तिने त्याला काठीने वाट चाचपायला शिकवलं. चालताना सोबत्याला आपल्याला ओढू द्यायचं नाही, आपण त्याचं कोपर धरायचं, हे शिकवलं. माळांच्या दोऱ्यांना गाठी मारायला लावल्या. हिरव्याला एक, लालला दोन, निळ्याला तीन. सगळ्यात अवघड धडा शेवटी दिला. "मदत मागायला जीभ रेटत नाही तुमची. जन्मभर बायकांना म्हणत आलात ना, हात पुढे करा म्हणून? आता जरा स्वतःचा करा."

तो शिकला. नजर पुरती गेल्यावरही त्याने पुष्कळ वर्षं बांगड्या भरल्या. दूरच्या गावात कोणाची नजर अधू झाली, की लोक त्याला कासाराकडे पाठवत आणि तो त्या माणसाला पहिल्यांदा एकच विचारी, "घरी सांगितलंत का?"

कासारीण जन्मभर विकून उरलेल्या बांगड्या घालत आली होती. नजर गेल्यावर एका सणाला कासाराने तिला बसवून तिच्या आवडीच्या जांभळ्या बांगड्या दोन्ही हातांत भरल्या. त्या तिला शोभतात, असं सगळे म्हणाले. लपवण्यात घालवलेल्या त्या तीन महिन्यांत भरल्या असत्या, तर त्याला तेवढं दिसलं असतं. ते बघायचं राहून गेलं.

तात्पर्य: नजर चालली आहे हे कळेल त्या दिवशीच आपल्या माणसांना सांगावं. अंधारात चालायला शिकवणारी माणसं भेटतात, लपवण्यात घालवलेला उजेड मात्र परत मिळत नाही.