लिंबाजीचे पाच म्हातारे

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा पाहणीवाला होता. पाच म्हाताऱ्यांना दर दोन वर्षांनी तेच ते प्रश्न विचारायचे, हे त्याचं काम. माणसंही तीच हवीत. गावात त्यातल्या त्यात हुशार तोच सापडला, बाकीचे आम्ही. वरच्या ऑफिसातल्या मोहितेबाईंनी बजावलं होतं, "लिंबाजी, यादीतल्या पाचांतला एक जरी टिकला, तरी तुझी नोकरी टिकेल."

लिंबाजी आधी कोंडाबाईकडे गेला. ती पापड वाळत घालत होती.

"आजी, गेल्या आठवड्यात किती वेळा उदास वाटलं?"

"आत्ता, तुला बघून! हो बाहेर!"

एक गेली.

मोहितेबाई फोनवर म्हणाल्या, "अरे, असं एकदम विचारतात? आधी म्हणावं, तब्येत छान सुधारलीय."

"चुकलो बाई. डोक्यात भुसा आहे, तोही चाळलेला."

मग बापूराव. दाढ सुजून गाल टम्म.

"बापू, तब्येत छान सुधारलीय! गाल किती भरलेत!"

बापूंना बोलता येईना. त्यांनी काठी उचलली.

दोन गेले.

बाई म्हणाल्या, "दुखणाऱ्याचा हात हातात घ्यावा. म्हणावं, एवढे दिवस सोसलंत, आता लवकर सुटाल."

पुढच्या घरी मांडव. आबा आणि सखूआजी, दोघंही यादीतले. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुन्हा हार घालत होते. लिंबाजीनं आबांचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं.

"आबा, एवढे दिवस सोसलंत, आता लवकर सुटाल."

"तुझ्या तोंडात साखर पडो!" आबा म्हणाले.

सखूआजीला ऐकू चांगलं येत होतं. लिंबाजी पळाला, चपला मांडवातच राहिल्या.

चार गेले.

बाईंनी कपाळ बडवलं. "आता तात्या एकटेच उरले. कुठं असतील तिथं गाठ. हात जोड. वचन दे, की दोन वर्षांनी नक्की येईन."

लिंबाजी अनवाणी धावला. तात्यांच्या घराला कुलूप.

शेजारीण म्हणाली, "तात्या गेले की रे! आज दहावा. सगळी नदीवर आहेत."

लिंबाजी नदीवर. पिंड मांडलेला, कावळा शिवेना. तात्यांचा जीव कशात अडकलाय, कुणाला कळेना.

थोरला म्हणाला, "तात्या, म्हैस विकणार नाही!" कावळा ढिम्म.

धाकटा म्हणाला, "दादाशी भांडणार नाही!" कावळा उतरला. उड्या मारत आला. चोच वाकवली.

तेवढ्यात लिंबाजी पुढं झाला, हात जोडून ओरडला, "तात्या, काळजी नको! दोन वर्षांनी मी नक्की येतो. तेच प्रश्न घेऊन!"

कावळा जो उडाला, तो थेट नदीपल्याड.

सगळा घाट लिंबाजीकडे वळला. लिंबाजी मात्र खुशीत बाईंना फोन लावत होता.

"बाई, एक टिकला! तात्या भेटले. जरा घाईत होते, पण नवा पत्ता मिळाला. नदीपल्याड!"