वाकडी बसवलेली टाकी

एकदा एक टाकी गळली. दृष्टांत म्हटला की त्यात राजा हवा, निदान एखादा संन्यासी तरी हवा, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या वाट्याला डिझेलची टाकी आली, त्याला मी तरी काय करू! कोकणात एका खाडीच्या वर, सड्याच्या उघड्या कातळावर, आंब्याचा रस डबाबंद करणारा कारखाना होता. त्याच्या बॉयलरसाठी ही टाकी. दर दसऱ्याला तिला बाहेरून रंग लागे, झेंडूची माळ चढे, पेढे वाटले जात. आतला तळ मात्र गंजून झिजत चालला होता, आणि तो पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. शेवटी तळाला बारीक भोके पडली, डिझेल कातळातून झिरपले आणि उताराखालच्या वाडीची विहीर नासली.

वाडीतल्या बायकांना पाण्यासाठी पलीकडच्या वाडीची चढण चढावी लागली. त्यांत दिगंबरची आई होती, आणि दिगंबर त्याच कारखान्यात इंजिनिअर. पुष्कळ दिवस उपसा केल्यावर विहीर कशीबशी पिण्याजोगी झाली, तेव्हा तो शेठना म्हणाला, "नवी टाकी मी स्वतः बसवतो. पुन्हा असं झालं, तर वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला." शेठ भला माणूस. त्यांनी होकार दिला आणि देखरेखीसाठी दिगंबरच्या गुरुजींना बोलावले. हे गुरुजी तंत्रविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले; विद्वान, निःस्पृह, आणि खरे सांगायचे तर जरा फटकळ.

नवी टाकी आडवी आणि लांबट होती, जाड पत्र्याची, आतून गंजरोधक लेप दिलेली. दिगंबरने जेवणाची शुद्ध न ठेवता दिवसभर खपून ती चौथऱ्यावर बसवली. संध्याकाळी गुरुजी आले, टाकीभोवती एक फेरी मारली आणि क्रेनवाल्याला म्हणाले, "हे मागचं टोक चार बोटं वर घ्या. खाली पट्ट्या सारा."

"गुरुजी, अहो पाणसळ लावून बघा," दिगंबर म्हणाला. "केसाइतकाही फरक नाही."

"तेच तर चुकलंय! हे काय पंगतीचे पाट आहेत, सरळ मांडायला? एवढी वर्षं शिकवलं ते कुठे गेलं?"

क्रेनवाला मोठ्याने हसला. शेठही म्हणाले, "वाकडी टाकी बघून लोक काय म्हणतील हो?" पण ती वाकडी झालीच. दिगंबरचे कान तापले. "करा काय हवं ते," एवढे म्हणून तो निघून गेला. गुरुजी मागून ओरडले, "अरे, पुढच्या टोकाखाली तोटी आहे, ती दर शनिवारी उघडायची बरं का!"

त्याने ते ऐकले, आणि तोटी उघडली नाही.

आता राग कसा असतो पहा. बाजारात गुरुजी भेटले की दिगंबर वाकून नमस्कार करी, प्रकृतीची चौकशी करी, वर त्यांची पिशवीही घरापर्यंत नेऊन देई. सगळे कसे गोड! शनिवार आला की मात्र मनात म्हणे, ज्यांनी वाकडी केली त्यांनीच बघावी. पावसाळा लागला, हंगाम संपला, अर्धी रिकामी टाकी तशीच पडून राहिली.

श्रावणात एका सकाळी गुरुजी छत्री झटकत कारखान्यात आले. "तोटी उघडत होतास ना?"

दिगंबरने छत्री त्यांच्या हातातून घेऊन कोपऱ्यात ठेवली. गुरुजींनी काचेची बरणी मागवली, तोटीखाली धरली आणि म्हणाले, "उघड."

तोटीतून तांबूस, बुळबुळीत पाणी आले. बरणी भरली. दुसरी मागवावी लागली, तीही भरत आली, तेव्हा कुठे स्वच्छ डिझेल दिसू लागले. दिगंबरने घाईने तोटी बंद केली. "हे आलं कुठून? टँकरमधला थेंबन्‌थेंब मी तपासून घेतला होता."

"टँकरमधून नाही आलं," गुरुजी म्हणाले. "टाकी श्वास घेते, बाबा. डिझेल संपतं तशी वरच्या नळीतून ओली हवा आत येते, गारव्याने आतल्या पत्र्याला घाम फुटतो. तो घाम डिझेलखाली जाऊन तळाशी बसतो. त्यात शेवाळासारखं काही वाढतं आणि लेपाला कुठे टाचणीएवढी चीर सापडली की पत्रा खातं. बॉयलरकडे जाणारी नळी तळापासून जरा वर, म्हणून तिच्यातून सदा स्वच्छच येतं आणि माणूस निर्धास्त राहतो. तू सरळ बसवलेल्या टाकीत हे पाणी तळभर पसरलं असतं, तोटी उघडूनही निघालं नसतं. पाणी शिरायचं थांबवता येत नाही. त्याला जमायला एक जागा द्यावी आणि ती जागा वरचेवर उघडावी, एवढंच आपल्या हाती." मग त्यांनी बरणी त्याच्या हातात दिली. "माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचास रे. तो तू आईच्या विहिरीवर काढत होतास."

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आले. मग तो एकदम म्हणाला, "तुम्ही त्या क्रेनवाल्यासमोर मला बोललात. फार लागलं मला. कारण सांगितलं असतंत तर मी स्वतः उचललं असतं ते टोक."

"लागणारच," गुरुजी म्हणाले. "चारचौघांत बोलायला नको होतं. चुकलं माझं. पण हे सांगायला श्रावण उजाडावा लागला होय तुला? पिशवी उचलत होतास तेव्हाच सांगायचंस."

दिगंबरला रडता रडता हसू आले. त्याने तोटी पुन्हा एकदा घट्ट आवळली, हात धुतले आणि गुरुजींना चहाला घरी नेले.

आपण हल्ली ज्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलतो आहोत, त्यांच्याकडे येत्या शनिवारी एकदा जाऊन यावे.