सेन्सर ‘हो’ म्हणाला

दवाखान्यातली हत्यारं एकमेकांशी भांडत, तेव्हाची ही गोष्ट.

हातोडी, करवत, छिन्नी वर्षानुवर्षं एकाच वाफेत न्हायच्या, एकाच ताटात झोपायच्या. सेन्सर मात्र पाकिटातून एकटाच आला. नखाएवढा जीव. सांध्यात बसायचं आणि कुठल्या बाजूला किती दाब पडतो ते सांगायचं, एवढंच त्याचं काम.

त्या दिवशी बाजारात पाटी घेऊन फिरणाऱ्या हौसाक्काचा झिजलेला गुडघा बदलायचा होता. नवा सांधा बसवून पाहिला. हातोडीने ठोकलं, खणखणीत आवाज आला आणि रिवाजाप्रमाणे सगळं ताट ओरडलं, "बसला!"

"आतल्या बाजूला जास्त दाबतोय, आत्या," सेन्सर हातोडीला म्हणाला.

"कालचं कार्टं तू!" हातोडी खेकसली. "आवाज ऐकलास ना? गुमान हो म्हण, आमच्या ताटात जागा देते."

ती जागा त्याला फार हवी होती. पण हौसाक्काचं हाड त्याच्याच अंगावर टेकलं होतं. हो म्हटलं, तर बाई जन्मभर लंगडणार.

"दाबतोय," तो पुन्हा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्याचा आकडा पाहिला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा, हाडं बांधून ठेवणारा ताठ बंध सैल केला. दोन्हीकडचा दाब सारखा झाला.

हत्यारं कुरकुरत, पण सगळी मिळून वाफेला गेली. सेन्सर एकदाच वापरायचा, म्हणून सांध्यातून निघून कचऱ्याच्या डब्यात पडला. त्याला कुणी "येतो" सुद्धा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉकर टेकत हौसाक्का सुनेबरोबर बाहेर व्हरांड्यात ठेवलेल्या त्या डब्याजवळून गेली. "सूनबाई, पाय सरळ पडतोय का गं?"

डब्यातून सेन्सर "हो" म्हणाला. तोवर त्या दोघी पुढे गेल्या होत्या, ऐकायला कुणी नव्हतं.