चिंबीची किल्ली

एक होती चिंबोरी, म्हणजे खेकडी. खाडीतली नव्हे, चिखलातली नव्हे. पत्र्याची. पाठ लाल, डोळे काळे, आणि पाय किती? पुष्कळ. तिचं नाव चिंबी.

चिंबी राहायची गंमतघरात. गंमतघर म्हणजे छपराखालचं खेळण्यांचं गाव. तिथं ऊन नाही, वारा नाही. नुसती खेळणी आणि नुसती मुलं. इकडं लाकडी घोडे, तिकडं उंच घसरगुंडी, आणि घसरगुंडीच्या पायाशी रंगीत चेंडूंचं तळं.

चिंबीच्या पाठीत एक किल्ली होती. कुणी किल्ली दिली, कर्र कर्र कर्र, की चिंबी चालायची. सरळ नाही हं. तिरकी तिरकी, खुटूखुटू खुटूखुटू. किल्ली संपली की थांबायची. मग पुन्हा कुणीतरी किल्ली द्यायचं.

आणि कुणी दिलीच नाही तर?

त्याचीच चिंबीला भीती. दाराशी एक मावशी बसायची. मावशीच्या पायाशी एक टोपली होती. जे खेळणं हलत नाही ते टोपलीत. टोपली भरली की माळ्यावर. माळ्यावर काळोख. आणि माळ्यावरून अजून कुणी परत आलेलं नव्हतं.

एके दिवशी गंमतघरात आली कावू. कावू म्हणजे एवढीशी मुलगी, दोन शेंड्या आणि पायांत पिवळे मोजे. तिनं चिंबीला उचललं. किल्ली दिली. कर्र कर्र कर्र. तळ्याच्या काठावर ठेवलं, आणि पळाली घसरगुंडीकडं.

चिंबी निघाली काठाकाठानं. तिरकी तिरकी, खुटूखुटू खुटूखुटू.

तेवढ्यात कुठंतरी फुगा फुटला. फट्ट.

चिंबी केवढी दचकली. पाठीतली किल्ली निसटली. टिंग. गेली चेंडूंच्या तळ्यात.

आता किल्ली कशी देणार? पोटातली स्प्रिंग तर हळूहळू सुटत होती. ती पूर्ण सुटली की चिंबी थांबणार. मग टोपली. मग माळा.

तिनं तळ्यात वाकून पाहिलं. किल्लीवर बसला होता एक ढब्बू लाल चेंडू. चिंबी म्हणाली,

"चेंडूदादा, चेंडूदादा, सरक ना.
माझी किल्ली मिळेना."

चेंडू जागचा हलला नाही. म्हणाला, "मी नाही बाई. वरून कुणी धप्पकन आपटलं तरच मी सरकीन. घसरगुंडीला सांग, ढकल म्हणावं कुणाला तरी."

"बरं. येते हं," चिंबी म्हणाली.

चेंडू हसला. म्हणाला, जाणार तू तिरकी, परत काय येणार?

चिंबी वळली. निघाली. तिरकी तिरकी, खुटूखुटू खुटूखुटू. आली घसरगुंडीपाशी.

"घसरगुंडीताई, घसरगुंडीताई, ढकल ना.
चेंडू सरकेना,
माझी किल्ली मिळेना."

घसरगुंडी निळी आणि गुळगुळीत. ती म्हणाली, "मी नाही बाई. माझ्यावर कुणी बसून घसरलं तर मी ढकलीन. ती कावू बघ, वर नुसती बसून राहिलीय. ती घसरली तरच मी ढकलीन."

"बरं. येते हं."

चिंबीनं डोळे वर केले. घसरगुंडीच्या टोकावर कावू बसली होती. दोन्ही हातांनी कठडा गच्च धरून. मागं पोरांची रांग लागली होती. पोरं म्हणत होती, भित्री भागूबाई, सरक की पुढं. कावू पुढंही सरकेना, मागंही सरकेना.

चिंबी खालूनच म्हणाली,

"कावूबाई, कावूबाई, घसर ना.
घसरगुंडी ढकलेना,
चेंडू सरकेना,
माझी किल्ली मिळेना."

कावूनं मान हलवली. म्हणाली, "मी नाही बाई. खाली किती खोल दिसतंय. आई खाली उभी राहिली तरच मी घसरीन."

चिंबीला वाटलं, हीसुद्धा घाबरलीय. अगदी माझ्यासारखी.

"बरं. येते हं."

निघाली. तिरकी तिरकी, खुटूखुटू खुटूखुटू. गंमतघराभोवती जाळी होती, तिच्या एका भोकातून शिरली, पलीकडं निघाली. तिथं बाकावर बसली होती कावूची आई. बाकाशेजारी बाबागाडी, बाबागाडीत कावूचा छोटा भाऊ. आईच्या एका पायात मोजा होता. दुसरा पाय उघडा. आईनं पिशवी उलटी केली होती आणि काहीतरी शोधत होती. रुमाल निघाला, बिस्किटं निघाली, खुळखुळा निघाला. हवं ते निघेना.

"कावूची आई, कावूची आई, ये ना.
कावू घसरेना,
घसरगुंडी ढकलेना,
चेंडू सरकेना,
माझी किल्ली मिळेना."

आईनं वर पाहिलं. जाळीतून कावू दिसत होती. एवढीशी, उंचावर, एकटी. आईचा जीव खालीवर झाला. म्हणाली, "कधीची जायचं म्हणतेय गं मी. पण दारातली मावशी आत सोडेना. तिनं दार उघडलं तरच मी येईन."

दारातली मावशी. टोपलीवाली. चिंबीनं सगळे पाय पोटाशी ओढले.

"बरं," ती हळूच म्हणाली. "येते हं."

निघाली. तिरकी तिरकी, खुटूखुटू. मग थोडं थांबून, खुटूखुटू.

मावशी दाराशी स्टुलावर बसली होती. पायाशी टोपली. टोपलीत एक घोडा, त्याला शेपूट नाही. एक बाहुली, तिचा हात वर तो वरच. चिंबीनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं. आणि बघितलंच.

"मावशी, मावशी, दार उघड ना.
आई येईना,
कावू घसरेना,
घसरगुंडी ढकलेना,
चेंडू सरकेना,
माझी किल्ली मिळेना."

मावशी म्हणाली, "मी नाही बाई. गंमतघरात यायचं तर पायांत मोजे हवेत. दोन्ही पायांत. आज एका मोज्यावर सोडलं, तर उद्या लोक लंगडी घालत येतील. दुसरा मोजा मिळाला तरच मी दार उघडीन."

मग तिनं चिंबीकडं वाकून पाहिलं. विचारलं, काय गं, आज तुझी चाल मंद का? आणि पायानंच टोपली थोडी पुढं ओढली. सर्रर.

"चालतेय, चालतेय मी," चिंबी म्हणाली. "येते हं."

निघाली. तिरकी तिरकी, खुटूखुटू. खुटू.

मोजा कुठं असेल? बाकाखाली नाही. पिशवीखाली नाही. चिंबीनं बाबागाडीकडं पाहिलं. बाबागाडीतून काहीतरी लोंबत होतं. पट्ट्यापट्ट्यांचं, लांबुळकं. आईचा मोजा. खालचं टोक बाहेर, वरचं टोक बाळाच्या तोंडात.

"मोजेराव, मोजेराव, सुटा ना.
मावशी दार उघडेना,
आई येईना,
कावू घसरेना,
घसरगुंडी ढकलेना,
चेंडू सरकेना,
माझी किल्ली मिळेना."

मोजा दबक्या आवाजात म्हणाला, "मी नाही बाई. या बाळाला दात येतायत. मला चावून चावून अगदी चिंब केलंय."

"चिंबी तर मी," चिंबी म्हणाली.

"तू चिंबी, मी चिंब," मोजा म्हणाला. "बाळ हसलं, तोंड उघडलं, तरच मी सुटीन."

"बरं. येते हं."

आता लांब जायचंच नव्हतं. बाळ तिथंच होतं, वर. पण चिंबीला तेवढंही जड झालं. खुटू. खुट. ती बाबागाडीच्या चाकापाशी आली. बाळाचा चेहरा रुसलेला. गाल लाल, कपाळाला आठी. आज सकाळपासून ते एकदाही हसलं नव्हतं.

चिंबीचा आवाज बारीक झाला होता. तरी तिनं सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

"बाळराजा, बाळराजा, हस ना.
मोजा सुटेना,
मावशी दार उघडेना,
आई येईना,
कावू घसरेना,
घसरगुंडी ढकलेना,
चेंडू सरकेना,
माझी किल्ली मिळेना."

बाळ म्हणालं, "ऊं."

बाळाला "तरच" म्हणता येत नव्हतं. अमक्याकडं जा, तमक्याकडं जा, असंही सांगता येत नव्हतं. त्याला फक्त "ऊं" येत होतं. आता कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं.

मागून आवाज आला. सर्रर. मावशी टोपली ओढत फेरी मारायला निघाली होती.

चिंबीनं पळायचं ठरवलं. खुट. एक पाय उचलला. खुट. दुसरा पाय उचलला. तिसरा चाकाला अडला. तिला म्हणायचं होतं, येते हं. रोज तेच म्हणायची ती. पण तोंडातून भलतंच निघालं.

"जाते," चिंबी म्हणाली.

आणि कोलमडली. टण्ण. पाठ खाली, पाय वर. पुष्कळ पाय, सगळे वर. त्यातला सगळ्यात धाकटा पाय तेवढा हवेत हलला. खुट.

मग तोही थांबला.

बाळानं खाली पाहिलं. एवढे पाय. सगळे वर. बाळाच्या कपाळाची आठी गेली. गाल फुगले. आणि बाळ हसलं. खिद् खिद् खिद् खिद्.

बाळ हसलं, तसा मोजा सुटला. टप्प.

मोजा सुटला, तो आईनं झेलला. ओला तर ओला. घातला पायात.

मावशीनं वाटेतली चिंबी उचलली आणि टोपलीत ठेवली. मग आईचे पाय बघितले. दोन पाय, दोन मोजे. मावशीनं दार उघडलं. कर्रकन.

मावशीनं दार उघडलं, तशी आई आली. धावतच आली. घसरगुंडीखाली हात पसरून उभी राहिली.

आई आली, तशी कावू घसरली. आधी डोळे मिटले, मग कठडा सोडला.

कावू घसरली, तसं घसरगुंडीनं ढकललं. सुंऽऽऽऽ.

घसरगुंडीनं ढकललं, तशी कावू चेंडूंत आपटली. धप्प.

कावू आपटली, तसा ढब्बू लाल चेंडू सरकला. सरकला कसला, उडालाच.

चेंडू सरकला, तशी किल्ली उडाली. टिंग. आणि पडली कावूच्या मांडीवर.

"चिंबीची किल्ली," कावू म्हणाली.

पण चिंबी कुठं होती? काठावर नव्हती. घसरगुंडीपाशी नव्हती. कावू इकडं धावली, तिकडं धावली. घोड्यांच्या पायांत पाहिलं. आई म्हणाली, अगं, आता तर माझ्या बाकापाशी होती. दोघींची नुसती शोधाशोध.

तेवढ्यात बाबागाडीतून आवाज आला. "ऊं. ऊं." बाळानं बोट उगारलं होतं. बोट होतं टोपलीकडं.

कावूनं टोपलीत पाहिलं. शेपूट नसलेला घोडा. हात वर केलेली बाहुली. आणि मध्ये चिंबी, पाय वर.

मावशी म्हणाली, ती चालत नाही गं पोरी, म्हणून ठेवली.

"चालते," कावू म्हणाली. "किल्ली द्यायची असते."

तिनं चिंबीला बाहेर काढलं. सुलटी केली. पाठीत किल्ली बसवली. कर्र. कर्र. कर्र. जमिनीवर ठेवली.

चिंबी हलली नाही.

आईनं श्वास धरला. मावशीनं श्वास धरला. बाळानं अंगठा तोंडात घातला.

धाकटा पाय हलला. खुट.

मग दुसरा. खुटू. मग सगळे. खुटूखुटू खुटूखुटू.

चिंबीनं डोळे वर केले. सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. आणि म्हणाली,

"आले."

मग निघाली. तिरकी तिरकी, खुटूखुटू खुटूखुटू. ज्याला ज्याला "येते" म्हटलं होतं, त्याच्या त्याच्याकडं गेली. बाळाला म्हणाली, आले हं. ओल्या मोज्याला म्हणाली, आले हं. मावशीला म्हणाली, आले हं. मावशीनं टोपली स्टुलाखाली सारली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, टोपलीतली बाहुली काढून मांडीवर घेतली आणि तिचा हात हळूच खाली करून पाहिला.

आईला झालं, कावूला झालं, घसरगुंडीला झालं. शेवटी चिंबी तळ्याच्या काठाशी आली. ढब्बू लाल चेंडू कोपऱ्यात जाऊन पडला होता.

"चेंडूदादा, आले हं. तिरकी गेले, तिरकीच आले."

चेंडू आणखी लाल झाला.

मग घरी जायची वेळ झाली. बाळ बाबागाडीत झोपलं. कावूनं बूट घातले आणि दारातून हात हलवला. म्हणाली, "चिंबी, जाते मी."

चिंबी दचकली. खुट.

"जाते म्हणू नये," ती म्हणाली. "येते म्हणावं."

कावूनं जरा विचार केला.

"चिंबी, येते हं."

चिंबी चालली तिरकी तिरकी, गोष्ट आली सरळ घरी. आता तुमच्या पायांतले मोजे काढा आणि पांघरुणात शिरा.