माकडाची वरची पन्हळ

एका जंगलात प्राण्यांनी एवढी घरे बांधली, की त्याचे पुरते शहर झाले. पाय ठेवायला जागा उरली नाही, मग भाजी कुठे पिकणार? पाला लांबून यायचा आणि येईपर्यंत मान टाकायचा. तो शिळा पाला खाऊन सशिणीची तीन पिल्ले खंगत चालली होती. शेवटी सगळ्यांनी मिळून एका उंच भिंतीला बांबूच्या सात पन्हळी बांधल्या, एकीखाली एक. त्यांत माती भरली, मेथी-माठ पेरला. वरच्या पन्हळीत ओतलेले पाणी तिच्या तळाच्या भोकातून खालच्या पन्हळीत ठिबके, आणि असे करत शेवटच्या पन्हळीपर्यंत पोचे. एवढ्या उंच चढणारे एकटे माकडच. म्हणून पाणी ओतायचे काम त्याचे आणि वरची पन्हळही त्याची. सगळ्यांत खालची सशिणीची.

मुलांनो, चार दिवस बरे गेले. मग माकडाच्या मनात आले, 'दम लागतो मला आणि आयते पाणी पितात खालचे!' त्याने चिखलाचा गोळा घेतला आणि आपल्या पन्हळीचे भोक बुजवले. जास्तीचे शहाणपण, दुसरे काय!

चिखलातून झिरपेल तेवढेच पाणी खाली जाऊ लागले. खालची भाजी सुकली. "यंदा ऊनच कडक आहे हो," माकड वरून सांगे. पण वर पाणी तुंबून त्याचीही मेथी मुळापासून कुजली.

एका सकाळी सगळे भिंतीपाशी जमले असताना भुकेले माकड खाली उतरले. सशिणीकडे माठाची चारच हिरवी पाने उरली होती. तीन तिने पिल्लांना दिली आणि चौथे माकडापुढे धरले. "घ्या दादा. आमच्यासाठी एवढे राबता आणि तुमचेही पीक गेले. माझ्याच हाताला गुण नाही, नाहीतर पोटभर दिले असते."

माकडाने पान घेतले, पण ते तोंडाकडे नेववेना. आपली पाने संपवून पिल्ले त्याच्या हाताकडे बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"ताई, तुमच्या हाताला काही झालेले नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "भोक मी बुजवले."

सशिणीने फक्त पिल्लांना जवळ ओढले. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या, असे माकडाला वाटले. ते वर चढले आणि बोटांनी सगळा चिखल उकरून काढला.

पुढे सातही पन्हळी हिरव्या झाल्या, पिल्ले बाळसे धरू लागली. सशीण पूर्वीसारखीच "दादा" म्हणे. पण तिच्या डोळ्याला डोळा भिडवायला माकडाला पुष्कळ दिवस लागले.

तात्पर्य : सगळ्यांच्या वाट्याचे जो वरच्या वर अडवतो, तो खालच्याला उपाशी ठेवतो आणि स्वतःचेही कुजवतो.