फळी न फिरवलेलं माप

“...शेवटी नियम माणसासाठी असतो का माणूस नियमासाठी, हे तुम्हीच सांगा, बाबा.”

आमदार रतनराव ढोमसे यांनी हाच प्रश्न त्या आठवड्यात चार सभांमध्ये विचारला होता आणि चारही ठिकाणी टाळ्या घेतल्या होत्या.

गेनूबाबांनी टाळी वाजवली नाही. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर मांडी घालून ते सुपातल्या ज्वारीतले खडे वेचत होते.

एक खडा बाजूला... आणखी एक...

गेनूबाबा म्हणजे धान्यपेठेतले जुने मापारी. वजनकाटे येण्याआधी चाळीस वर्षं पेठेतलं धान्य त्यांच्या हातच्या मापानं मोजलं गेलं. माप भरलं की वरून लाकडी फळी फिरवायची आणि कडेच्या वर आलेली धान्याची शीग खाली पाडायची. घेणारा कोण, देणारा कोण, हे फळीला ठाऊक नसे. एकदा सख्ख्या व्याह्यानं धान्य घेतलं, तेव्हा त्याच्याही मापावर बाबांनी फळी फिरवली. व्याही वर्षभर त्यांच्या घरी जेवला नाही. पेठेत ही गोष्ट अजून हसून सांगतात. व्याही मात्र मरेपर्यंत हसला नाही.

रतनरावांच्या वडिलांचं पेठेत दुकान होतं. लहानपणी माप धरायला रतनराव बाबांकडेच शिकले. पुढे आमदार झाले, पांढरी गाडी आली, पण मोठ्या कामाआधी या ओसरीवर यायची सवय गेली नाही.

“खिशात कागद कसला?” बाबांनी मान वर न करता विचारलं.

“मंत्र्यांना पत्र आहे. आपल्या पतसंस्थेवर सरकारी तपासनीस बसवायचं चाललंय. तपास संपेपर्यंत कोणालाही महिन्याला पाच हजारांच्या वर रक्कम काढता येणार नाही. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना एकच माप. ते थांबवा म्हणून लिहिलंय. सही तेवढी राहिलीय. दुपारी मुंबईला निघतोय.”

“मग कर सही.”

“तुम्ही हो म्हणालात की करतो.”

बाबा पुन्हा खडे वेचू लागले.

रतनरावांनी आवाज चढवला. सभेत माणसं टाळ्या तरी देत होती.

“पाच हजारांत लग्न होतं का, बाबा? ऑपरेशन होतं? मुंबईत बसून नियम करणाऱ्यांना काय माहीत! पतसंस्था सध्या जरा ओढगस्तीत आहे, खिडकीवर ‘उद्या या’ म्हणतात, कबूल. पण माणूस रडत माझ्या दारात येतो. मी चिठ्ठी लिहितो, मॅनेजर रक्कम मोजून देतो. दोन महिन्यांत दीडशे चिठ्ठ्या दिल्यात. पक्ष विचारला नाही, जात विचारली नाही. दारात आला तो माझा. याला सेवा नाही तर काय म्हणायचं?”

“पहिली चिठ्ठी कोणाची?”

“...आता ते कुठं लक्षात राहतंय.”

“माझ्या लक्षात आहे, मी पहिलं माप कोणाला घातलं.”

रतनरावांनी खिशातला कागद नीट केला.

“मेव्हण्याची,” ते म्हणाले. “त्याला खरंच नड होती.”

“असणार.”

एवढंच म्हणून बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. देवळापुढे रांग लागली होती. आज अमावस्या. पेठेतला प्रत्येक व्यापारी महिनाभर पोत्यामागे एक पसा मारुतीला काढून ठेवतो. ते धान्य देवळातल्या पत्र्याच्या कणगीत साठतं आणि अमावस्येला बाबा ते वाटतात. पेठ त्या दिवशी कडकडीत बंद असते, एकही दुकान उघडत नाही.

रांगेत चाळीस माणसं. बाबांनी कालच कणगी मोजून ठेवली होती. फळी फिरवलेली चाळीस मापं.

त्यांनी माप रतनरावांच्या हातात दिलं. “आज तू वाट. पाहू दे, हात विसरलाय का ते.”

रतनरावांना बरं वाटलं. बाबांचा होकार असाच यायचा, आडून. त्यांनी बाह्या सारल्या आणि पहिलं माप भरलं. त्यावर धान्याची टोकदार शीग उभी राहिली. बाबांनी फळी पुढे केली.

“राहू द्या हो,” रतनराव हसले. “गरिबाच्या पदरात घालायचं आणि वरून फळी फिरवायची? माझ्यानं नाही होणार.”

बाबांनी फळी भिंतीला टेकवली.

“लाभ,” ते म्हणाले. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.

“दोन... तीन...”

रांग खुलली. हमाली करून पाठ मोडलेला इस्माईलचाचा मोठ्यानं म्हणाला, “साहेब, दर अमावस्येला तुम्हीच या बरं का! हे बाबा दाणा दाणा झाडून घेतात.”

“बाबांचा हात जुना आहे, चाचा!” रतनराव म्हणाले, आणि सगळे हसले. बाबाही हसले.

“सात... आठ...”

एकीच्या लेकीचं बाळंतपण होतं, तिला दोन मापं गेली. एक म्हातारा रतनरावांच्या प्रचारात घोषणा द्यायचा, त्यालाही दोन. आणखी दोघांनी घरातलं दुखणं सांगितलं, त्यांनाही. पुढे येऊन बोलणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? प्रत्येक जण जाताना हात जोडत होता. रतनरावांच्या मनात आलं, फोटो काढायला कोणाला तरी आणायला हवं होतं.

“तीस... एकतीस...”

माप कणगीच्या तळाला घासलं. पत्र्याचा आवाज आला.

रतनरावांनी वाकून पाहिलं. मग हात घालून पाहिलं. कोपऱ्यात चिमूटभर कोंडा होता.

मागे तेरा माणसं उभी होती. ओरडली नाहीत, पुढे ढकलाढकली केली नाही. म्हणूनच मागे राहिली होती.

“काही काळजी करू नका!” रतनराव सभेतल्या आवाजात म्हणाले. “आत्ता दोन पोती मागवतो...” आणि पेठेकडे वळले. उघडं असं एकही दार दिसलं नाही.

तेरा माणसं हळूहळू पिशव्यांच्या घड्या घालू लागली. एकेक जण मारुतीला हात जोडून निघाला. पूर्वी असं कधी झालं नव्हतं.

शेवटची म्हातारी तेवढी थांबली. केरसुण्या वळणारी सरूबाई. बोटांना शिंदीच्या पात्यांचे चरे पडलेले. तिनं पिशवीचं तोंड अजून उघडंच धरलं होतं.

रतनरावांनी पाकीट काढलं. पाचशेची नोट तिच्यापुढे धरली.

“नगं सायेब.”

“घे गं, आजी. आमदार देतोय.”

“भीक नगं. पैसं हाएत माजं. तुमच्याच पतसंस्थेत हाएत. येकेक केरसुनी इकून ठिवलेत, म्हातारपनाला.”

“मग काढत का नाहीस?”

“गेल्ते की. तीनदा गेले. म्हनले, उद्या या. सोमवारी गेले तवा म्हनले...” ती थांबली. मग कणगीकडे पाहत म्हणाली, “म्हनले, आता तळाला काय बी ऱ्हायलं न्हाई.”

“माझ्याकडे का आली नाहीस? मी कोणालाही...”

“तुमच्या दारात लई मानसं असत्यात, सायेब. मी आले व्हते येकदा. मागंच हुबी ऱ्हायले.”

रतनरावांचा हात नोटेसकट तसाच राहिला. खिशातल्या कागदाची कड छातीला लागत होती.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. लहानपणी माप सांडलं की पाहत, तसं.

“बाबा... आता काय करू?”

गेनूबाबांनी भिंतीला टेकवलेली फळी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि रिकाम्या मापावर आडवी ठेवली. मग रतनरावांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

“दे की हिलाही एक चिठ्ठी.”