अंगाईची चाल

स्कॉटलंडच्या डोंगरात लॅकलन नावाचा एक फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, वाजवणारा होता. आईच्या अंगाईच्या चालीवर त्याने एक चावट गाणं रचलं. तिकडे पुरुषही घागरा नेसतात. तर गाण्यातले जमीनदार मर्डो साहेब विधवेच्या घरून पळताना आपला चौकड्यांचा घागरा तिच्या खाटेखालीच विसरतात! गाणं घरोघरी गेलं. आई तेवढी म्हणाली, "लेकरा, माझीच चाल सापडली का रे तुला?" लॅकलन नुसता हसला.

चिडलेल्या साहेबांनी त्याला भर सभेत उभं केलं. "त्या गाण्याचा एक शब्द जरी तुझ्या तोंडून निघाला, तर गावातून हाकलून देईन!"

"जशी आज्ञा," म्हणत लॅकलनने ओठ मिटले आणि फिडलवर नुसती चाल वाजवली. घागऱ्याची ओळ आली तशी सभा खो खो हसत सुटली, साहेबांच्या बाईसाहेबसुद्धा.

"हेच ते गाणं!" साहेब ओरडले.

"साहेब, मी तर तोंडही उघडलं नाही. गाणं यांच्या डोक्यात वाजतंय. काढता येत असेल तर काढा."

लोकांनी लॅकलनला खांद्यावर घेतलं.

पुढे आई गेली. जाताना तिने एवढंच मागितलं होतं, की माझ्या कबरीपाशी माझी अंगाई वाजव. लॅकलनने डोळे मिटून चाल धरली. घागऱ्याच्या त्या ओळीशी येताच मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी. त्याने वळून पाहिलं. सगळे ओठ चावून हसू दाबत होते. टोपी काढून, मान खाली घालून गंभीर उभे होते ते एकटे मर्डो साहेब.